वेस्टर्नमधील नर्तकी : रिटा हेवर्थची कारकीर्द

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो मुलूख वसत गेला, त्याच्या कथा सांगणाऱ्या चित्रपटांना 'वेस्टर्न' म्हणतात, आणि या चित्रपटांत स्त्रीसाठी बहुधा दोनच जागा राखलेल्या असत. पहिली जागा पूर्वेकडच्या शहरातून आलेल्या शिक्षिकेची किंवा एखाद्या पशुपालकाच्या कुलीन मुलीची असे. ती गावाला घरपण आणते आणि अखेरीस नायकाशी तिचे लग्न होते, किंवा होईल असे सुचवले जाते. दुसरी जागा सलूनमध्ये, म्हणजे गावच्या दारूगुत्त्यात, अथवा सीमेपलीकडच्या कँटिनात, म्हणजे मेक्सिकन पद्धतीच्या मद्यालयात, नाचणाऱ्या बाईची असे. ती नायकावर जीव लावते, प्रसंगी त्याच्यासाठी गोळी झेलते आणि चित्रपट संपण्यापूर्वी वाटेतून दूर होते. 'डेस्ट्री राइड्स अगेन' (१९३९) मधली मार्लेन डीट्रिचची फ्रेंची गोळी लागून मरते, 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६) मधली लिंडा डार्नेलची चिवावा हीदेखील वाचत नाही, आणि 'हाय नून' (१९५२) मधली केटी हुरादोची हेलन रामिरेझ आपला धंदा विकून गाव सोडते. चिवावा आणि हेलन या दोघींप्रमाणे ही दुसऱ्या जागेवरची स्त्री पुष्कळदा काळ्याभोर केसांची आणि स्पॅनिश वळणाच्या नावाची असे, हा योगायोग नव्हता.

रिटा हेवर्थ ही अभिनेत्री चित्रपटसृष्टीत आली ती या दुसऱ्या दारातून. 'गिल्डा' (१९४६) या चित्रपटाने तिला जगभर ओळख दिली आणि चरित्रकारांनीही बहुतेक सारी पाने त्याच काळाला वाहिली; तिने सुरुवातीस केलेल्या स्वस्त वेस्टर्न चित्रपटांची बोळवण त्यांनी दोन-चार ओळींत केली. हे फारसे न्याय्य नाही. ते चित्रपट मोठे नाहीत हे खरे, परंतु एक तयार नर्तकी हॉलिवुडच्या हाती लागल्यावर तिचे काय करायचे हे त्या व्यवस्थेला कसे कळत नव्हते आणि मग तिने कोणता मार्ग काढला, हे त्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके नंतरच्या झगमगाटात दिसत नाही. तिचे नाव, केस, पडद्यावरचा गाता आवाज यांपैकी बरेच काही इतरांनी दिलेले किंवा बदललेले होते. नृत्य मात्र ती घरून घेऊन आली होती.

तिचे मूळ नाव मार्गारिता कार्मेन कान्सिनो. जन्म १७ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील एदुआर्दो कान्सिनो हे स्पेनमधील सेव्हिया शहराजवळच्या कास्तिय्येहा दे ला कुएस्ता या गावचे, आजोबा अंतोनियो कान्सिनो हे स्पॅनिश नृत्याचे नामवंत शिक्षक, आणि आई व्होल्गा ही आयरिश-इंग्रज वंशाची अमेरिकन, झीगफेल्ड यांच्या प्रसिद्ध रंगमंचीय कार्यक्रमांत काम केलेली. एदुआर्दो आणि त्याची बहीण एलिसा यांची जोडी 'डान्सिंग कान्सिनोज' या नावाने व्हॉडेव्हिलमध्ये नाचत असे. व्हॉडेव्हिल म्हणजे गाणे, नाच, विनोद, जादू, कसरती असे सुटे सुटे प्रवेश एकाच तिकिटात दाखवणारी त्या काळची लोकप्रिय फिरती रंगभूमी. अशा घरात मुलीला नाच शिकवावा की नाही हा प्रश्नच उद्भवत नव्हता. कास्टानेट, म्हणजे बोटांत अडकवून वाजवायच्या, आपल्या चिपळ्यांच्या जातीच्या लाकडी वाट्या, तिच्या हातात अगदी लहानपणी आल्या, आणि १९२६ साली व्हायटाफोन कंपनीने या कुटुंबावर काढलेल्या एका लघुपटात ती पडद्यावरही दिसली.

१९२७ मध्ये कुटुंब हॉलिवुडला गेले आणि एदुआर्दोने तेथे नृत्यशाळा काढली. बोलपट आल्याने नाच शिकवणाऱ्यांना काही काळ मागणी होती, पण १९२९ नंतरच्या महामंदीत शिकवण्या आटल्या आणि व्हॉडेव्हिलही मोडकळीस आले. तेव्हा एदुआर्दोने मुलीलाच जोडीदारीण करून जुन्या नावाने पुन्हा कार्यक्रम सुरू केले. ती तेरा वर्षांच्या आसपास होती. कॅलिफोर्नियात मद्य मिळणाऱ्या ठिकाणी इतक्या लहान मुलीला नाचता येत नसल्याने बाप-लेकीने सीमेपलीकडचे तिहुआना गाठले. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती आणि त्यामुळे तिहुआनातील क्लब, जुगारघरे आणि घोड्यांच्या शर्यती तेजीत होत्या. १९२८ मध्ये उघडलेले अग्वा कालिएन्ते हे तेथील सर्वांत आलिशान ठिकाण, आणि हॉलिवुडची मंडळी सुट्टीला तेथेच जमत. शाळा नववीच्या सुमारास सुटली. म्हणजे ज्या वयात इतर मुली नृत्यवर्गात पहिले धडे गिरवतात, त्या वयात ही मुलगी रोज रात्री पैसे मोजून आलेल्या, मद्य घेतलेल्या आणि सहज लक्ष उडणाऱ्या प्रेक्षकांसमोर व्यावसायिक नृत्य करत होती. तिच्या पुढच्या सगळ्या चित्रपटांत जी एक सहजता दिसते, कॅमेऱ्याकडे न पाहताही त्याला धरून ठेवण्याची जी हातोटी दिसते, तिचा उगम या तालमीत आहे. त्या तालमीची किंमत तिच्या बालपणाने चुकवली, हेही तितकेच खरे आहे.

अग्वा कालिएन्तेमध्येच फॉक्स कंपनीचा निर्मितीप्रमुख विनफील्ड शीहान याने तिला पाहिले आणि अल्पमुदतीचा करार दिला. मार्गारिताची रिटा झाली, आडनाव तूर्त कान्सिनोच राहिले. 'दान्तेज इन्फर्नो' (१९३५) या स्पेन्सर ट्रेसीच्या चित्रपटात जुगाराच्या आलिशान जहाजावर ती गॅरी लिऑन या नर्तकाबरोबर नाचते. प्रसंग छोटा आहे, पण बालपण नाचण्यात घालवलेली मुलगी आणि बाकीचा नटसंच यांतला फरक त्यात लपत नाही. पुढे 'चार्ली चॅन इन ईजिप्त' मध्ये इजिप्शियन मोलकरीण, 'अंडर द पाम्पाज मून' मध्ये अर्जेंटिनातील तरुणी अशा भूमिका आल्या. गोरी अमेरिकन नसलेली कोणीही स्त्री तिने साकारावी, असा हा सरसकट हिशेब होता. शीहानच्या मनात मात्र मोठी योजना होती. 'रमोना' या कॅलिफोर्नियातील एका मिश्रवंशीय अनाथ मुलीच्या गाजलेल्या कथेवर फॉक्स रंगीत चित्रपट काढणार होती आणि मुख्य भूमिका तिला मिळणार होती. तेवढ्यात १९३५ मध्येच फॉक्सचे ट्वेंटिएथ सेंच्युरी या कंपनीत विलीनीकरण झाले, शीहान गेला, डॅरिल झॅनक आला, 'रमोना' ची भूमिका लॉरेटा यंगला मिळाली आणि रिटा कान्सिनोच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. त्याच वर्षी मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी जुगारावर बंदी घातल्याने अग्वा कालिएन्तेही बंद पडले. परत फिरायला जागा उरली नव्हती.

अशा वेळी तिला काम दिले ते वेस्टर्न काढणाऱ्या छोट्या कंपन्यांनी. त्या काळी चित्रपटगृहांत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत होती. पहिला मोठ्या नटांचा आणि मोठ्या खर्चाचा, दुसरा तासाभराचा आणि झटपट उरकलेला. या दुसऱ्याला 'बी' चित्रपट म्हणत. 'बी' वेस्टर्न हा तर जवळजवळ कारखान्यातला माल होता : तेच डोंगर, तेच घोडे, तीच पाठलागाची दृश्ये आणि मालिकेतले ठरावीक नायक. हॉलिवुडच्या गोवर स्ट्रीट परिसरात असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांची दाटी होती आणि त्या भागाला थट्टेने 'पॉव्हर्टी रो', म्हणजे दरिद्र्यांची आळी, असे नाव पडले होते.

रिटा कान्सिनोने १९३६ आणि १९३७ मध्ये असे चार चित्रपट केले. टॉम कीनबरोबरचा 'रिबेलियन' हा त्यांतला विषयाने सर्वांत विचारात घेण्याजोगा, कारण अमेरिकेने १८४८ मध्ये कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून घेतल्यावर तेथील जुन्या स्पॅनिशभाषक जमीनमालकांवर जे अन्याय झाले ते त्याचे कथानक आहे. तिने त्यात अशाच एका घराण्यातील मुलीचे काम केले. कीनबरोबरच्याच 'ओल्ड लुइझियाना' मध्ये ती स्पॅनिश गव्हर्नरची मुलगी झाली. 'हिट द सॅडल' हा रिपब्लिक कंपनीच्या 'थ्री मेस्किटीअर्स' या तीन मित्रांच्या मालिकेतला चित्रपट. येथे ती सलूनमधील नर्तकी आहे, तिघांतला एक तिच्या प्रेमात पडतो आणि उरलेल्या दोघांना ते मुळीच रुचत नाही. नायकाच्या मैत्रीत आडवी येणारी नाचणारी बाई, हा वर सांगितलेला साचा येथे जसाच्या तसा आहे.

'ट्रबल इन टेक्सस' मध्ये तो साचा थोडा हलतो. गाणाऱ्या काउबॉयची लाट तेव्हा नुकतीच आली होती आणि टेक्स रिटर हा तिचा एक आघाडीचा नट होता. कथानक रोडिओचे, म्हणजे बेलगाम घोड्यावर बसणे, वासरू दोरीने पकडणे अशा गुराख्यांच्या स्पर्धांचे, आणि त्या स्पर्धांत खेळाडूंना मारून बक्षिसाची रक्कम लुटणाऱ्या टोळीचे आहे. कँटिनातली कार्मेन सेरानो ही नर्तकी प्रत्यक्षात त्या टोळीचा माग काढणारी सरकारची गुप्त हस्तक निघते. कल्पना साधीच, पण नाचणे हे येथे चारित्र्याचे लक्षण नसून कामाचा भाग ठरते, आणि पडद्यावरची अठरा वर्षांची नटीही ते नेमके तसेच करते : मोजके, नेटके, कुणाला भुलवण्याचा आव न आणता.

१९३८ चा 'द रेनिगेड रेंजर' आणखी एक पाऊल पुढे जातो. आरकेओ कंपनीच्या या चित्रपटात जॉर्ज ओब्रायन हा टेक्सस रेंजर, म्हणजे त्या राज्याच्या फिरत्या पोलीसदलातला अधिकारी, जूडिथ अल्वारेझ नावाच्या स्त्रीला पकडायला निघतो. तिच्यावर खुनाचा आरोप आहे, परंतु ती खरे तर भ्रष्ट राजकारण्यांनी नाडलेल्या पशुपालकांची पुढारी आहे. घोड्यावर स्वार होऊन माणसांचे नेतृत्व करणारी स्पॅनिश नावाची नायिका त्या काळच्या वेस्टर्नमध्ये विरळाच. गंमत अशी, की ही भूमिका वठवणारी अभिनेत्री तोवर स्पॅनिश नावाची राहिलेली नव्हती.

दरम्यानच्या काळात घडले ते असे. १९३७ मध्ये तिने एडवर्ड जडसन या वयाने बऱ्याच मोठ्या व्यावसायिकाशी लग्न केले होते आणि त्याने खटपट करून कोलंबिया कंपनीचा सात वर्षांचा करार मिळवला होता. कोलंबिया स्वतः पॉव्हर्टी रोवरून वर आलेली कंपनी. तिचा मालक हॅरी कोन हा हेकट, उर्मट आणि धंद्यात तरबेज गृहस्थ. कान्सिनो या नावाला कँटिनाबाहेर कोणी काम देणार नाही, असा त्याचा अंदाज होता आणि वेस्टर्नचा अनुभव पाहता तो चुकीचा नव्हता. आईच्या माहेरच्या नावात एक अक्षर वाढवून 'हेवर्थ' आडनाव घेतले गेले, काळे केस तांबूस झाले आणि कपाळ रुंद दिसावे म्हणून पुढचे केस विद्युतप्रवाहाने मुळासकट जाळून केशरेषा मागे हटवण्यात आली. या उपचाराला इलेक्ट्रॉलिसिस म्हणतात; त्यात एकेका केसाच्या मुळात सुई घालावी लागते आणि ते पुष्कळ दिवस चालणारे, वेदनादायक काम असते. अंदालुसियातील वडिलांची, ब्रुकलिनमध्ये जन्मलेली ही मुलगी मेक्सिकन म्हणून खपवणाऱ्या उद्योगाने आता तिला अमेरिकन म्हणून नव्याने घडवले. ती जन्माने अमेरिकनच होती, हे कोणाच्या ध्यानात आले असेल असे दिसत नाही.

पहिली दोन वर्षे कोलंबियाच्याही 'बी' चित्रपटांत गेली. हॉवर्ड हॉक्सच्या 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' (१९३९) मध्ये केरी ग्रँटच्या पूर्वप्रेयसीची छोटी भूमिका मिळाल्यावर समीक्षकांचे लक्ष गेले, आणि १९४१ मध्ये, जिने तिला काढून टाकले होते त्याच फॉक्स कंपनीने 'ब्लड अँड सँड' साठी कोलंबियाकडून उसनवार घेतले. या चित्रपटात ती बैलांशी झुंजणाऱ्या मातादोरला नादी लावणारी दोन्या सोल आहे. म्हणजे काळ्या केसांची असताना जी स्पॅनिश स्त्री ती दुय्यम म्हणून करत होती, तीच तांबड्या केसांनी, टेक्निकलर या त्या काळच्या गडद रंगपद्धतीत, मुख्य आकर्षण झाली. अँथनी क्विनबरोबरचे तिचे नृत्य पाहताना कान्सिनो घराण्याची शिकवण ओळखू येते : कणा ताठ, खांदे खाली, हात कोपरापासून नव्हे तर पाठीपासून उचललेले.

नर्तकी म्हणून तिची खरी कसोटी मात्र फ्रेड ॲस्टेरने घेतली. ॲस्टेर व्हॉडेव्हिलच्या दिवसांपासून कान्सिनो कुटुंबाला ओळखत होता. त्याचा एक दंडक असा होता, की नाचाचे चित्रण करताना नर्तकाचे शरीर डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत राहिले पाहिजे आणि दृश्य शक्यतो तोडता कामा नये. पायांचे वेगळे, चेहऱ्याचे वेगळे तुकडे जोडून सामान्य नाचही चांगला दाखवता येतो; ॲस्टेरच्या पद्धतीत ती सोय नव्हती. जिंजर रॉजर्सपासून वेगळा झाल्यावर तो जोडीदारिणीच्या शोधात होता, आणि 'यू विल नेव्हर गेट रिच' (१९४१) व 'यू वेअर नेव्हर लव्हलियर' (१९४२) हे दोन चित्रपट त्याने हेवर्थबरोबर केले. दुसऱ्याच्या तालमींना स्टुडिओत जागा नसल्याने हॉलिवुडच्या दफनभूमीतील अंत्यविधीगृहाच्या वरच्या खोलीत सराव करावा लागे आणि खाली कोणाची अंत्ययात्रा आली की संगीत थांबवावे लागे, ही हकिकत ॲस्टेरने पुढे सांगितली आहे. तिच्या शिकण्याच्या वेगाचेही त्याने कौतुक केले.

या चित्रपटांतील 'शॉर्टी जॉर्ज' हे नृत्य तिची मर्यादा आणि ताकद दोन्ही दाखवते. जॉर्ज 'शॉर्टी' स्नोडेन या हार्लेममधील कृष्णवर्णीय नर्तकाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या चालीवर ते बेतले आहे आणि त्यात टॅपचे, म्हणजे तळव्याला धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांनी जमिनीवर ताल वाजवण्याचे, काम बरेच आहे. निव्वळ पायांच्या तालकामात एलिनॉर पॉवेलसारखी विशेषज्ञ तिच्यापेक्षा सरस होती. पण पॉवेल किंवा रॉजर्स यांच्यापेक्षा हेवर्थचे कमरेवरचे शरीर अधिक बोलके होते. खांदे, मान, मनगट आणि मोकळे केस हे सगळे तालात सामील होते, आणि त्यामुळे ॲस्टेरशेजारी ती शिष्या न वाटता बरोबरीची वाटते. स्पॅनिश नृत्यात पायांचा ठेका आणि हातांची संथ वळणे एकाच वेळी, पण वेगवेगळ्या गतीने चालतात. लहानपणी शरीरात मुरलेली ही विभागणी अमेरिकन तालावरही तिच्या उपयोगी पडली.

१९४४ चा 'कव्हर गर्ल' हा युद्धकाळातील रंगीत संगीतपट. त्यात जीन केलीबरोबर तिची जोडी आहे आणि रस्त्याच्या भव्य नेपथ्यावर केली, फिल सिल्व्हर्स आणि ती अशा तिघांचे धावते, खिदळते नृत्य आहे. तोवर ती कोलंबियाची सर्वांत मोठी, खरे म्हणजे एकमेव घरची तारका झाली होती. बॉब लँड्रीने काढलेले आणि 'लाइफ' साप्ताहिकाने १९४१ मध्ये छापलेले तिचे छायाचित्र युद्धावरील अमेरिकन सैनिकांच्या बराकीबराकीत पोहोचले होते. तिच्या गाण्यांचे मात्र वेगळेच. नॅन विन, मार्था मिअर्स, अनिता एलिस, जो ॲन ग्रीर या गायिका वेगवेगळ्या चित्रपटांत तिच्यासाठी गायल्या. पार्श्वगायनाला सरावलेल्या भारतीय वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण हॉलिवुडमध्ये ही गोष्ट झाकून ठेवली जाई.

यानंतर नृत्यदिग्दर्शक जॅक कोल तिच्या वाट्याला आला आणि येथे भारताचा एक खराखुरा धागा लागतो. कोलने तरुणपणी रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या डेनिशॉन नृत्यसंस्थेत शिक्षण घेतले होते, आणि पुढे भरतनाट्यमचा गंभीरपणे अभ्यास केला होता. गुडघे वाकवून घेतलेली खालची बैठक, मान, डोळे, खांदे आणि बोटे यांची एकमेकांपासून सुटी हालचाल, आणि झटक्यानंतरचा पूर्ण स्थिरपणा ही भरतनाट्यमची वैशिष्ट्ये त्याने जॅझ संगीतावर बसवली. अमेरिकन नाट्यगृहांत आणि चित्रपटांत पुढे 'जॅझ नृत्य' म्हणून जे रूढ झाले त्याचा तो एक जनक मानला जातो. कोलंबियाने त्याच्यासाठी पगारी नर्तकांचा कायमचा संच ठेवला होता. 'टुनाइट अँड एव्हरी नाइट' (१९४५) मध्ये त्याने हेवर्थला सांबा नाचवला, आणि नंतर 'गिल्डा' मधली दोन्ही नृत्ये बसवली.

'गिल्डा' ची कथा ब्वेनोस आयरेसमधील एका जुगारघरात घडते. चार्ल्स व्हिडोर दिग्दर्शक, रुडॉल्फ माते छायालेखक, ग्लेन फोर्ड नायक. बेकायदा जुगार, मालकाची सुंदर बायको, बाहेरून आलेला तरुण हा सगळा सरंजाम वेस्टर्नमधील सलूनचाच, फक्त घोडे नाहीत आणि नायकाच्या अंगावर रात्रीचा काळा सूट आहे. चित्रपटातील प्रसिद्ध नृत्यात गिल्डा काळ्या सॅटिनचा खांदे उघडे ठेवणारा झगा घालून जुगारघराच्या मंचावर येते. झाँ लुईने हा झगा बेतला होता आणि चित्रकार जॉन सिंगर सार्जंटच्या 'मादाम एक्स' या चित्रावरून त्याला ती कल्पना सुचली होती. ती फक्त एक लांब हातमोजा आणि गळ्यातला हार उतरवते. याहून काही नाही. १९३४ पासून कडक झालेल्या नीतिसंहितेमुळे, म्हणजे चित्रपटांत काय दाखवावे यावर उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेल्या निर्बंधांमुळे, याहून काही शक्यही नव्हते.

या प्रसंगाला उत्तान म्हणून जी कीर्ती मिळाली तिच्यामुळे त्यातले नृत्य दुर्लक्षित राहिले. नीट पाहिले तर पावले फारच थोडी आहेत. ती चालते, थांबते, एक हात सावकाश वर नेते, केसांना झटका देते, आणि प्रत्येक हालचालीनंतर क्षणभर स्थिर राहते. कोलची शिस्त त्या थांबण्यात आहे आणि कान्सिनोंची शिकवण त्या वर जाणाऱ्या हातात. अभिनय म्हणूनही तो प्रसंग सरळ नाही. गिल्डा प्रेक्षकांना भुलवत नसून, लग्नाच्या नावाखाली आपल्याला डांबून ठेवणाऱ्या नवऱ्याला सर्वांदेखत अपमानित करत आहे, आणि तसे करताना स्वतःलाही दुखावत आहे. तो तिला ओढत बाहेर नेतो आणि थोबाडीत मारतो. सलूनमधल्या नाचणारीला वेस्टर्न जी शिक्षा देत असे तीच येथे दिली जाते, पण यावेळी प्रेक्षक शिक्षा देणाऱ्याच्या बाजूला राहत नाहीत. या चित्रपटाचे महत्त्व, प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने, येथे आहे.

१ जुलै १९४६ रोजी बिकिनी प्रवाळद्वीपावर चाचणीसाठी टाकलेल्या अणुबाँबला 'गिल्डा' हे नाव आणि तिचे चित्र चिकटवण्यात आले, आणि त्याचा तिला संताप आला. दोन वर्षांनी आलेल्या व्हित्तोरियो दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्ज' मधील नायक भिंतीवर जे भित्तिपत्र चिकटवत असताना त्याची सायकल चोरीला जाते, ते 'गिल्डा' चे आहे. स्टीव्हन किंगच्या कथेवरून निघालेला 'द शॉशँक रिडेम्प्शन' पाहिलेल्या अनेकांना तर तिचे नाव तेवढ्यापुरतेच ठाऊक असते.

तिचे दुसरे पती ऑर्सन वेल्स यांनी 'द लेडी फ्रॉम शांघाय' साठी तिचे तांबडे केस कापून फिक्या सोनेरी रंगात रंगवले. कोन भडकला, चित्रपट पडला, आणि आज त्यातील आरसेमहालाचा शेवट चित्रपटशाळांत शिकवला जातो. याहून नर्तकीच्या दृष्टीने अधिक बोलका चित्रपट म्हणजे १९४८ चा 'द लव्ज ऑफ कार्मेन'. मुलगी रिबेका हिच्या आणि स्वतःच्या नावातील अक्षरे जुळवून तिने 'बेकवर्थ' ही निर्मितीसंस्था काढली होती आणि नफ्यात वाटा मिळवला होता. या संस्थेच्या चित्रपटात स्पॅनिश नृत्ये बसवण्यासाठी तिने वडिलांना बोलावले आणि भावाला व काकांनाही छोटी कामे दिली. चित्रपट म्हणून 'कार्मेन' सुमार आहे. परंतु बापाने जिला कामाला लावले त्या मुलीने आता बापाला काम द्यावे, आणि तेही त्याच्याच नृत्याचे, यात तिच्या वाढलेल्या ताकदीचा पुरावा आहे.

१९४९ मध्ये तिने फ्रान्समध्ये प्रिन्स अली खान यांच्याशी विवाह केला. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला त्या तिसऱ्या आगाखानांचे ते पुत्र. मुलगी यास्मिनच्या जन्मानंतर हा संसार लवकरच मोडला आणि ती कोलंबियात परतली. 'अफेअर इन ट्रिनिडाड' (१९५२) आणि 'सलोमी' (१९५३) यांतील नृत्ये व्हॅलेरी बेटिस या आधुनिक नर्तकीने बसवली. पहिला चित्रपट उत्तम चालला. 'मिस सेडी थॉम्प्सन' (१९५३) मध्ये तिचा घामाघूम, बेफिकीर नाच आहे, ज्यात सौंदर्य राखण्याची काळजी कुठेच नाही. 'पाल जोई' (१९५७) नंतर नाच जवळजवळ थांबला.

मग १९५९ मध्ये ती वेस्टर्नकडे परतली. रॉबर्ट रॉसनचा 'दे केम टु कॉर्ड्युरा' १९१६ सालच्या मेक्सिको मोहिमेवर बेतला आहे. पांचो व्हिया या बंडखोराच्या मागावर अमेरिकन घोडदळ गेलेले असते आणि गॅरी कूपरने केलेला मेजर, ज्याच्यावर स्वतः भित्रेपणाचा ठपका आहे, शौर्यपदकासाठी निवडलेल्या पाच जवानांना वाळवंटातून कॉर्ड्युरा गावी नेत असतो. बरोबर कैदी म्हणून आहे शत्रूला आसरा दिल्याचा आरोप असलेली अमेरिकन शेतमालकीण ॲडिलेड गिअरी. हेवर्थ तेव्हा चाळिशीत होती. चेहऱ्यावर धूळ आणि थकवा, मेकअप नाममात्र, नाच नाहीच. 'बदनाम स्त्री' हा वेस्टर्नचा जुना साचा तिला पुन्हा मिळाला होता, पण या वेळी शूर म्हणवणारे पुरुष एकेक करून उघडे पडतात आणि अखेरपर्यंत शहाणी राहते ती हीच. चित्रपट फारसा चालला नाही. तिचे काम मात्र तिच्या सर्वोत्तम कामांपैकी मानावे लागेल.

जॉन वेनबरोबरचा 'सर्कस वर्ल्ड' (१९६४) वडिलांच्या देशात, स्पेनमध्ये चित्रित झाला. शेवटचा चित्रपटही वेस्टर्नच्याच वळणाचा निघाला. राल्फ नेल्सनच्या 'द रॅथ ऑफ गॉड' (१९७२) मध्ये रॉबर्ट मिचम पाद्र्याच्या वेषातील बंदूकधारी आहे आणि कथा १९२० च्या दशकातील एका मध्य अमेरिकन देशात घडते. चित्रीकरण मेक्सिकोत झाले. तिला संवाद आठवत नसत, म्हणून एकेक ओळ सांगून ती चित्रित करावी लागली. हे दारूमुळे होते अशी तेव्हा समजूत होती आणि १९७६ मध्ये लंडनच्या विमानतळावर गोंधळलेल्या अवस्थेतील तिची छायाचित्रे वृत्तपत्रांनी त्याच समजुतीने छापली.

खरे कारण अल्झायमर हा आजार होता. त्यात मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि स्मृती, भाषा, ओळख एकामागून एक जातात. आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ मध्ये त्याचे वर्णन केले होते, तरी सामान्य लोकांना हे नाव माहीत नव्हते आणि वयोमानाने येणारा विसर म्हणून त्याकडे पाहिले जाई. १९८१ मध्ये तिच्या आजाराची माहिती जाहीर झाली आणि एका जगप्रसिद्ध चेहऱ्याशी ते नाव जोडले गेले. मुलगी यास्मिन आगाखान हिने तिची देखभाल स्वीकारली आणि संशोधनासाठी निधी उभा करणारे वार्षिक समारंभ आईच्या नावाने सुरू केले. १४ मे १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी श्रद्धांजली वाहिली; १९९४ मध्ये त्यांनी स्वतःलाही हाच आजार झाल्याचे जाहीर केले.